शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत, मदत हवी आहे (तातडीचं)

माणदेशी_मास्तर: शाळेतल्या एका मुलीचे शिष्यवृत्तीचे पैसे अजून जमा नाहीत. फॉर्म वेळेत भरला, व्हेरिफायही झाला. बँक म्हणते आधार लिंक आहे. जिल्ह्याला फोन केला तर "पोर्टलवर बघा". आई दर बाजारच्या दिवशी दारात उभी. काय करायचं?

रानवारा: कुठली शिष्यवृत्ती सर? डझनभर आहेत.

माणदेशी_मास्तर: एनएमएमएसच की. आठवीत परीक्षा देऊन मिळते ती, वर्षाला 12,000 वाली.

सुमेधा_क: मुलगी कितवीत? फ्रेश की रिन्यूअल? नववीत एकदा भरलं म्हणजे बारावीपर्यंत आपोआप चालू राहत नाही, एनएसपीवर (राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर) दरवर्षी रिन्यूअल लागतं. अकरावीला जायचं तर दहावीत 60 टक्के हवेत, एससी-एसटीला 55. आणि व्हेरिफाय म्हणजे एल-1 की एल-2? शाळेनं केलं ते एल-1. जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्यानं एल-2 केलं नसेल तर अर्ज तिथंच लोळत पडलाय.

कुणबीण_काकी: सारथी या सरकारी संस्थेच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा ना, 9,600 मिळतात. माझ्या भाचीला मिळाले.

रानवारा: काकी, ती मराठा-कुणबी मुलांसाठी, तीही एनएमएमएस पास होऊन यादीत न बसलेल्यांना. ही मुलगी यादीत आहे.

अण्णा_७२: सरकारी योजनांच्या नादी लागूच नका. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी फंड काढलाय. गरीब मुलींना एसटी पासचे पैसे हातात देतो. ना पोर्टल, ना ओटीपी.

सुमेधा_क: अण्णा, मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफतच आहे. तुमचे पैसे नक्की जातात कुठं?

अण्णा_७२: आमच्या वस्तीवर एसटी येत नाही ताई. वडापनं जातात पोरी. गावात येऊन बघा, मग बोला.

आठवी_ब_पालक: मुलगा यंदा एनएमएमएसला बसतोय. मॅटसाठी (बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरासाठी) पुस्तक कोणतं घ्यावं?

रानवारा: वेगळा धागा काढा हो.

माणदेशी_मास्तर: दहावीत आहे. रिन्यूअल. गेल्या वर्षी याच खात्यावर आले होते, म्हणून तर डोकं चालेना.

काउंटर_नंबर_३: बँकेत आहे म्हणून सांगतो. डीबीटीत, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येतात त्यात, फॉर्मवरचा खाते नंबर कामाचा नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत आधार शेवटी ज्या बँकेनं चढवला, पैसा तिकडं जातो. मधल्या काळात दुसरं खातं काढलंय का?

माणदेशी_मास्तर: आईला विचारलं. मे महिन्यात गावात कॅम्प लागला होता, तिथं पोरीचा अंगठा घेऊन झिरो बॅलन्सचं खातं काढलं म्हणे. पासबुक नाही, फक्त एक कार्ड दिलंय.

काउंटर_नंबर_३: बहुतेक तिथंच गेलेत. माय आधार वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस (डीबीटीसाठी आधार कुठल्या बँकेला जोडलाय ते) बघा, बँकेचं नाव दिसेल. मग त्याच बँकेत जाऊन शिल्लक तपासा. जुनंच खातं ठेवायचं असेल तर जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म परत द्या. "लिंक आहे" म्हणतील, ते केवायसीचं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं सांगतात. तिथून हलू नका.

माणदेशी_मास्तर: आधारला मोबाइल मामाचा जोडलाय. तो भोसरीला कंपनीत, ड्युटीवर फोन आत नेऊ देत नाहीत.

सुमेधा_क: मग सुटी झाल्यावर ओटीपी मागून घ्या. आणि सर, एल-2 झालं का, हे तुम्ही अजून सांगितलेलंच नाही.