मदत हवी आहे: बाबांसाठी टीव्हीवरचे शेतीचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे आहेत, कोणता बॉक्स घेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. बाबा एक दिवसाआड एसटीने बागेत जातात आणि घरी असले की सह्याद्री वाहिनीवरचा शेतीचा कार्यक्रम वही घेऊन बघतात. वर तारीख, खाली विषय, मग औषधांची मापं. अशा सात-आठ वह्या झाल्या आहेत.

गेल्या मे महिन्यात त्या कार्यक्रमात डिंक्या रोगाची (झाडाच्या खोडातून डिंक गळतो तो) माहिती सांगितली होती. पावसाळ्याच्या आधी खोडाला बोर्डो पेस्ट लावायची, तर मोरचूद एक किलो, चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर. फवारणीचं बोर्डो मिश्रण वेगळं, त्यात तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी. दोन्ही मापं एकापाठोपाठ सांगितली गेली. मे महिन्यातलं नागपूर, कूलर फुल स्पीडवर. बाबांनी मला विचारलं, "दहा म्हनला का शंभर?" मी मोबाइलमध्ये होतो. त्यांनी शंभर लिहिलं. बागेत कालवलेलं ते पाणी खोडावर टिकलंच नाही, सरळ ओघळून मातीत गेलं. माप चुकल्याचं कळेपर्यंत पाऊस लागला होता. त्या दिवशी मी लक्ष दिलं नाही, हे मला अजून लागतं. म्हणून यंदा रेकॉर्डिंगची सोय करायचीच आहे. कार्यक्रम थांबवून, मागे नेऊन दोनदा ऐकता आला पाहिजे.

यूट्यूब सुचवाल, म्हणून आधीच सांगतो. सह्याद्रीचं चॅनल तिथे आहे, पण हवा तो भाग शोधणं बाबांना जमत नाही आणि बागेत नेट धड मिळत नाही. अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही ते जाऊन विचारतात, पण रोज थोडंच जाता येतं?

पूर्वी आमच्याकडे एका डीटीएच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स होता, आत हार्ड डिस्क असलेला. वापरायला फार सोपा. बाबा स्वतः रिमोटवरून रेकॉर्डिंग लावायचे. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि बॉक्स गेला. डिस्क शाबूत होती, पण रेकॉर्डिंग त्या बॉक्सशीच बांधलेलं असल्यामुळे दुसरीकडे कुठेच चालेना. दोन वर्षांचं सगळं गेलं. त्यामुळे आता एकच अट आहे: फाइल आपल्या हातात राहिली पाहिजे. बॉक्स बिघडला तरी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून बघता आलं पाहिजे.

सध्या घरी डीडी फ्री डिशची छत्री आहे, बॉक्स जुना, यूएसबी नसलेला. शेजारच्या काकांकडे यूएसबीवर रेकॉर्ड करणारा फ्री-टू-एअर (फुकटचे चॅनल दाखवणारा) बॉक्स आहे, तो दोन दिवस आणून बघितला. अर्ध्या तासाची फाइल साधारण ७०० एमबीची झाली, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चाळीसेक भाग सहज मावतील. फाइल लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लगेच चालली, कुलूपबंद नव्हती. माझा कल याच प्रकाराकडे आहे. बजेट तीन हजारांपर्यंत.

लॅपटॉपला कॅप्चर कार्ड (बॉक्सचं चित्र लॅपटॉपवर रेकॉर्ड करणारं उपकरण) लावायचाही विचार केला. एचडीएमआयमधून घ्यायला गेलं तर कॉपी-संरक्षणामुळे बरेचदा काळा पडदा मिळतो. पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर जोडली तर जमतं. पण रोज संध्याकाळी लॅपटॉप तिथे कोण मांडून ठेवणार? आई व्हीसीआरच काढ म्हणते, माळ्यावर आहे. पण कोऱ्या कॅसेट कुठून आणायच्या? नवे व्हीसीआर बनणंही २०१६ मध्ये थांबलं.

आता अडलंय ते इथे.

टायमर लावलेला असताना लाइट गेली आणि पाच मिनिटांनी आली, तर बॉक्स आपणहून रेकॉर्डिंग परत सुरू करतो का? काकांचा बॉक्स स्टँडबायवर जाऊन बसला. त्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे. वायफाय राउटरसाठी जो छोटा यूपीएस मिळतो, तो याला लावला तर चालेल का? कोणी प्रत्यक्ष वापरला असेल तर कृपया सांगा. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट हमखास जाते.

पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटमध्ये ठेवला तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा येते. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला ती आड येत नाही, पण आईला कीर्तनाचा लांब कार्यक्रम घ्यायचा असेल तर? एनटीएफएस (ही मर्यादा नसलेला फॉरमॅट) वाचणारा बॉक्स कोणाकडे आहे का, की बॉक्स स्वतःच फाइलचे तुकडे पाडतो?

आणि रिमोट. बाबांचं वय ७१. टायमर मी एकदा लावून देईन, रोजचा. कार्यक्रम मागेपुढे होतो म्हणून आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जादा ठेवीन. पण रेकॉर्ड झालेली यादी उघडायला काकांच्या बॉक्सवर चार मेनू ओलांडावे लागतात, तेही इंग्रजीत. एका बटणात यादी उघडणारा बॉक्स माहीत असेल तर दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

बर्डीच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. दोघांनी डबा फोडून दाखवायला नकार दिला. तिसऱ्याने माझा पेनड्राइव्ह लावून दुकानातच रेकॉर्ड करून बघू द्यायची तयारी दाखवली आहे, शनिवारी बोलावलंय. तिथे आणखी काय काय तपासून घेऊ तेही सांगा. मॉडेलचं नाव आणि किती दिवसांपासून वापरताय, एवढं लिहिलंत तरी फार मदत होईल. मृग लागायच्या आत पेस्ट लावायची आहे, त्याआधी बॉक्स घरात यायला हवा.