खोकला नाही म्हणजे फुप्फुस ठीक, असं नसतं

वर एका ताईंनी विचारलंय की बाळ हसतंय खेळतंय, खोकला पण नाही, मग सिस्टिक फायब्रोसिसमधे (जन्मजात आजार, यात फुप्फुसात चिकट कफ साचतो) फुप्फुसाला इजा होतेय हे आधी कळणार कसं? ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे.

यावर ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्नच्या डॉक्टरांनी फार मोलाचं काम केलंय, २०१३ साली छापून आलं. तिकडे टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मतःच तपासणी होते त्यामुळे आजार लगेच कळतो, मग या अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळाला भूल देऊन बारीक दुर्बीण श्वासनलिकेत घातली, थोडं सलाईन सोडलं आणि परत ओढून घेतलं. त्या धुवणात न्यूट्रोफिल इलास्टेज नावाचं एन्झाइम सापडलं तर, न सापडलेल्या बाळांच्या मानाने, पुढे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याची शक्यता वर्षाच्या वयाला सुमारे सातपट आणि तिसऱ्या वर्षी चौपट दिसली. १२७ बाळं होती त्यात.

हे इलास्टेज म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींचं हत्यार हो, जंतू मारायला असतं. त्याला आवर घालणारं अल्फा-१ अँटीट्रिप्सिन नावाचं प्रोटीन शरीरात असतंच, पण पेशींची गर्दी एवढी होते की ते पुरत नाही आणि मग मोकळं इलास्टेज श्वासनलिकेच्या भिंतीतलं इलास्टिनच कुरतडायला लागतं, जे फुप्फुसाला रबरासारखं लवचिक ठेवतं.

आता साध्या रक्ततपासणीत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, फुप्फुसातली सूज रक्तात दिसेलच असं नाही. आणि छातीची फिजिओथेरपी खोकला नसला तरी रोज चालू ठेवा, प्लीज.