ग्राफिक कादंबरी २५ मिनिटांत संपली, मजा आली नाही. चुकतंय कुठं?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)
साध्या कादंबऱ्या भरपूर वाचल्यात, ग्राफिक कादंबरी पहिलीच. १५० पानं, २५ मिनिटांत संपली. गोष्ट कळली, पण एवढं कौतुक कशाचं ते कळलं नाही. दोन-तीन पानांवर तर कुठली चौकट आधी वाचायची यातच घोळ झाला. वाचायची काही रीत असते का? आणि पुढचं काय घ्यावं? ही पुस्तकं महाग असतात, अंदाजानं घ्यायची नाहीत.

पेठेतला वाचक
आधी हिशेब बघा. पानाला सरासरी ५ चौकटी धरल्या तर १५० पानांत ७५० चौकटी. २५ मिनिटं म्हणजे १५०० सेकंद. चौकटीला २ सेकंद आले. तेवढ्यात संवादाच्या फुग्यातली अक्षरं वाचून होतात, बाकी काही नाही. तुम्ही संवाद वाचलेत, पुस्तक राहिलंय.

पान उलटलं की लगेच वाचायला लागू नका. समोरासमोरची दोन्ही पानं एकदा नजरेखालून घाला: काळोख कुठं दाटलाय, सगळ्यात मोठी चौकट कुठली, बिनशब्दांची कुठली. मग पहिल्या चौकटीपासून सुरुवात. आधी चित्र, मग फुगा. डोळा सवयीनं अक्षरांवर उडी मारतो, त्यामुळं पहिली १०-१२ पानं हे मुद्दाम करावं लागतं. बिनशब्दांच्या चौकटीवर तर थांबाच. नवखा माणूस नेमका तिथंच पळतो, कारण 'वाचायला' काही नसतं.

खरी गंमत दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत आहे. समजा, एका चौकटीत दूध पातेल्याच्या काठापर्यंत आलंय आणि पुढच्या चौकटीत विझलेली चूल आहे. उतू जाणारं दूध चित्रकारानं काढलेलंच नाही, ते तुम्ही बघितलंत. फटीत काय घडलं हे स्वतःला विचारलं नाही तर हातात नुसती चित्रं उरतात.

आता क्रमाचा घोळ. डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, हे ठीक. फसगत होते ती दोन छोट्या चौकटी डावीकडे एकाखाली एक आणि उजवीकडे एकच उंच चौकट असते तेव्हा. लोक वरची छोटी वाचून थेट उंच चौकटीत जातात आणि खालची छोटी मागं राहते. आडवी फट बघा. ती पानभर सरळ न जाता उंच चौकटीला जाऊन थडकत असेल, तर आधी खाली उतरायचं, मग उजवीकडे. एकाच चौकटीत दोन-तीन फुगे असले तर वरचा आधी, एका उंचीवर असले तर डावीकडचा. फुग्याला शेपटी नसून नुसती चौकोनी पेटी असेल तर तो बहुधा निवेदक.

जपानी मांगाला (तिथल्या चित्रकथांना) मात्र डावं-उजवं उलटं, पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, वरून खाली तेवढं तसंच. इंग्रजी अनुवादही आता बहुतेक तसेच ठेवतात. पूर्वी चित्रं आरशासारखी उलटी करून छापायचे, मग सगळी पात्रं डावखुरी व्हायची!

ब्रश आणि दौत
वरचं बरोबर, एकच दुरुस्ती. फुगा हेसुद्धा चित्रच आहे. काटेरी कड म्हणजे ओरडणं, तुटक रेषा म्हणजे कुजबुज.

याचा कळस बघायचा तर 'भीमायन' घ्या. २०११ चं, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाचं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाणी, निवारा आणि प्रवासाचे प्रसंग आहेत. यात चौकोनी चौकटी जवळपास नाहीतच. गोंड घरांच्या भिंती-जमिनीवर काढतात ती दिग्ना नक्षी पान विभागते. साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा. एवढं माहीत नसताना पुस्तक उघडलं तर नुसती नक्षी दिसते, माहीत असलं की वाक्य वाचायच्या आधीच ते डंख मारणार हे कळतं.

दुसरं 'माउस', आर्ट स्पीगलमन यांचं. दोन भाग, १९८६ आणि १९९१, पण एकत्रित खंड मिळतो, तोच घ्या. हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या संहाराची गोष्ट; ज्यू लोक उंदीर, जर्मन मांजरं. उंदरांचे चेहरे इतके साधे काढलेत की भाव चेहऱ्यात शोधून सापडत नाहीत. खांदे, मान, हात बघा. शब्द बरेच आहेत, म्हणून कादंबरीच्या वाचकाला सोपं जातं. माझ्या मते तुमच्यासाठी आधी हेच, मग 'भीमायन'.

जुना बाजार
घेण्याबद्दल थोडं. मोबाइलवर वाचू नका. अॅप एकेक चौकट मोठी करून दाखवतं, म्हणजे पानाची मांडणी गेलीच. ६ इंची ई-रीडरवर अक्षर बारीक पडतं आणि बहुतेकांवर रंगही नाहीत. १० इंची टॅबलेट चालेल, आडवा धरलात तर दोन पानं शेजारी दिसतील.

मराठी अनुवाद असेल तर आतलं एक पान बघूनच घ्या. मूळ फुगे इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या मापाचे असतात. त्या अक्षरांना वर मात्रा नाही, खाली उकार नाही, ओळी चिकटून बसतात. मराठीला ओळीमागं जास्त जागा लागते, मग अक्षर बारीक करतात किंवा वाक्य छाटतात. मात्रा फुग्याच्या कडेला घासत असतील तर सोडा.

करवीर नगर वाचन मंदिरात किंवा घराजवळच्या वाचनालयात विचारताना लेखक आणि चित्रकार दोघांची नावं सांगा. चित्रं आहेत म्हणून अशी पुस्तकं बरेचदा बालविभागात जाऊन बसतात.

जाड पुस्तक आणल्या आणल्या मधोमध फाकवू नका, पाठीचा गोंद तडकतो. पुढून थोडी, मागून थोडी अशी पानं दाबत मध्यावर या. आणि पावसाळ्यात गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. भिजलंच तर पानं ओली असतानाच अलगद सोडवा. तशीच वाळली तर एकमेकांना डकतात, मग ओढली की रंगच निघून येतो.

रंकाळाकाठ
लई भारी माहिती! तेच पुस्तक परत काढलं. पहिल्या ४० पानांना पाऊण तास. १८ व्या पानावर आईच्या मागची खिडकी पाच चौकटींत उघडी आहे, सहाव्यात बंद. बंद करताना कुणालाच दाखवलेलं नाही. पहिल्या वेळी तिथं खिडकी आहे हेच दिसलं नव्हतं. एक शंका: त्याच पानावर एका फुग्याची शेपटी चौकटीच्या कडेला जाऊन संपते. बोलतंय कोण?

पेठेतला वाचक
चौकटीबाहेरचा माणूस. शेपटी ज्या बाजूला गेली त्या बाजूला तो उभा. बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन चौकटींत दिसतो. तुमच्या पानावर खिडकी त्यानंच लावली का, ते बघा.