५५ हजारांत गेमिंग पीसी: प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड कोणतं घ्यावं?

गंगाखेडकर:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी पीसी जुळवायचाय. बजेट ५५ हजार. मॉनिटर घरात आहे, २४ इंची फुल एचडी, ७५ हर्ट्झ. वॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलं तर एखादा नवा मोठा गेम. कॉलेजचं कोडिंगही त्याच्यावरच. नांदेडला एका दुकानात विचारलं तर ते म्हणायलेत, "आय ७ घ्या, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, २८ हजारांत बसवून देतो." आय ७ प्रोसेसर एवढ्या स्वस्तात मिळत असेल तर आय ५ ला जास्त पैसे कशाला, असं भाऊ विचारतोय अन् मला उत्तर देता येईना. जाणकारांनी सांगावं.

लातूरचा_पीसीवाला:
दादा, तो आय ७ कितव्या पिढीचा आहे ते आधी विचारा. या भावातला आय ७ बहुतेक ३७७० किंवा ४७७० निघतो, ऑफिसांनी काढून टाकलेल्या जुन्या पीसीतला. ३७७० हा २०१२ चा. त्याला चार कोअर (काम करणारे भाग) आहेत, आजच्या आय ३ १२१००एफ लाही चारच, पण आय ३ त्याला आरामात मागं टाकतो. शिवाय एवढ्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ वर वॅलोरंट खेळायला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची तपासणी) लागतं, ते त्या जुन्या मदरबोर्डांवर मिळायचं नाही.

"४ जीबी कार्ड" म्हणजे कोणतं, हेही नावानिशी विचारा. जीटी ७३० असेल तर सरळ नको म्हणा. मेमरी ४ जीबी असली तरी चिप २०१४ ची आणि कमजोर. टाकी मोठी अन् मोटार अर्ध्या एचपीची, असा तो प्रकार.

सेलू_हार्डवेअर:
वरच्यांशी सहमत. माझा सल्ला असा: प्रोसेसरवर बेताने खर्च करा, वाचलेला पैसा कार्डात घाला. तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, सेकंदाला ७५ च्या वर फ्रेम तो दाखवूच शकत नाही. त्यामुळं महागडा प्रोसेसर घेऊन डोळ्यांना फरक दिसणार नाही.

प्रोसेसर: रायझन ५ ५६०० किंवा आय ५ १२४००एफ, दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी बारा कामांच्या रांगा). जो बोर्डासकट स्वस्त पडेल तो उचला. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक नसतं, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. ५६०० चंही तसंच.

कार्ड: रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी. फुल एचडीवर बहुतेक गेम हाय सेटिंगला चांगले चालतात, वीज १३२ वॅट आणि एकच आठ पिनची केबल. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळा. मेमरी ४ जीबीच, आणि बोर्डाशी चारच लेननी (डेटाच्या वाटांनी) बोलतं, त्यामुळं जुन्या बी४५० बोर्डावर आणखी मार खातं. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको.

बीडकर९:
आरटीएक्स ३०५० का नको? एनव्हिडियाचं डीएलएसएस (एआयनं फ्रेम वाढवायची सोय) मिळतं, एडिटिंगलाही बरं.

सेलू_हार्डवेअर:
बाजारात ३०५० दोन आहेत, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. ६ जीबीचं नुसती मेमरी कमी केलेलं नाही, त्याची चिपही छाटलेली आहे. ते ७० वॅटमध्ये चालतं, वेगळी केबल लागत नाही, म्हणून जुन्या पीसीत टाकायला उत्तम. नव्या पीसीत गेमसाठीच पैसे घालायचे तर ६६०० दोन्हींपेक्षा वेगवान आहे. भावाला एआयचं काम करायचं असेल तर कूडासाठी (एनव्हिडियाच्या कार्डावर असली कामं चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडिया घ्या, तिथं माझा आग्रह नाही.

गंगाखेडकर:
सेकंड हँड आरएक्स ५८० लई स्वस्त दिसायलंय. चालेल का?

लातूरचा_पीसीवाला:
नाव नीट वाचा. '५८० २०४८एसपी' लिहिलेलं असेल तर आतली चिप ५७० च्या दर्जाची आहे. वर क्रिप्टो मायनिंगला दिवसरात्र घासलेलं कार्ड असायची शक्यता मोठी. बजेट कमी पडलंच तर कार्ड थांबवा, रायझन ५ ५६००जी घ्या. आतल्या ग्राफिकवर वॅलोरंट छान चालतं, कार्ड सवडीनं टाका. त्याची कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, तेवढं लक्षात असू द्या.

जिंतूर_वायरमन:
सगळे कार्डावरच बोलायलेत, एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) कुणीच काढेना. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ६६०० लावू नका. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्या, त्यासाठी केसवरच्या रंगीत लाईटी सोडल्या तरी चालतील.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचा खटका आहे का बघा. इको मोडवर लाईट जाताना पंखा चालू राहतो, पण पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो. मात्र व्होल्टेज पडलं की तो लगेच बॅटरीवर जातो, हे धरून चाला. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएवर गेम चालू असताना ताण येईल, १ केव्हीएचा बघा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण मागं तिसरी वायर जोडलेलीच नसते. टेस्टरनं नाही, टेस्ट लॅम्पनं वायरमनकडून तपासून घ्या, मगच पीसी लावा.

गंगाखेडकर:
धन्यवाद सगळ्यांना. १२४००एफ, आरएक्स ६६०० आणि ५५० वॅट, असं ठरवतोय. इन्व्हर्टरचा खटका आत्ताच बघितला, इकोवरच होता. अर्थिंगला उद्या माणूस बोलावतो.

सेलू_हार्डवेअर:
चांगलं ठरलं. बिलावर प्रोसेसर, कार्ड, एसएमपीएस, तिन्हींचे सिरीयल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच ताडून बघा. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावायची, हे भावाला सांगा.