मदत हवी आहे: कोरीवकामाची सुरी नवी घेऊ की आहे तीच घासून नीट करू?

नमस्कार मंडळी,

सात-आठ महिने झाले, लाकडात चमचे आणि छोटे पक्षी कोरायचा नाद लागलाय. शिकवणारं कुणी नाही, हाताला जमेल तसं चाललंय. गाडं अडलंय ते सुरीपाशी.

घरात तीन सुऱ्या आहेत. पहिली फळं सोलायची. पातं इतकं पातळ की मऊ लाकडात सहज शिरतं, पण जरा जोर दिला की वाकतं आणि काप भलतीकडे जातो. दुसरी घडीची, तिला खटका नाही. एकदा टोकाने खोचायला गेलो तर मिटली, बोट थोडक्यात वाचलं. आता ती फक्त पेन्सिलींना टोक काढते. तिसरी कोरीवकामाच्या स्वस्त सेटमधली. दिसायला हीच खरी. कागद झर्रकन कापते, पण लाकडात शिरायलाच तयार नाही. ढलपी निघायच्या ऐवजी लाकूड चेपतं, आणि पक्ष्याच्या मानेच्या खोलगट भागात तर पाचर ठोकल्यासारखा तुकडाच उडतो. दोन पक्षी असे मान मोडून गेले.

म्हटलं धार कमी असेल, म्हणून ग्राइंडरवर धरली. शहाणपणा अंगाशी आला. टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग निळा-जांभळा झाला आणि आता तेवढाच भाग दहा कापांत बोथट होतो.

ही सुरी सुधारण्यासारखी आहे का? की नवी घ्यावी, आणि घ्यायची तर काय बघून? पोलादाच्या प्रकारांची नावं वाचून डोकं गरगरतंय. शिवाय हिची मूठ पेन्सिलीसारखी बारीक आहे, अर्ध्या तासात तळहात आखडतो. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

पोलाद तूर्त बाजूला ठेवा. पट्टी घ्या आणि दोन मापं सांगा. पाठीपाशी पातं किती जाड आहे, आणि धारेपासून उतार संपतो तिथपर्यंतचं अंतर किती?

धागाकर्ता

जाडी २ मिमी. उतार जेमतेम ३ मिमी. वर पातं सपाट आहे, पाठीपर्यंत सारख्याच जाडीचं.

प्रतिसाद १

मग दुखणं सापडलं. या मापांनी धारेचा एकूण कोन सुमारे ३७ अंश होतो. कोरायच्या सुरीला २० ते २५ हवा. कागदाला नुसती तीक्ष्ण कड पुरते, कारण तो लगेच बाजूला होतो. लाकूड होत नाही. कडेमागून येणारा जाड खांदा त्याला ढकलतो, तीच तुमची पाचर. हाच उतार ५ मिमीपर्यंत मागे नेलात तर कोन २३ अंशांच्या आसपास येईल.

ग्राइंडर मात्र आता नको. पोलाद निळं पडलं म्हणजे तिथे तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं आणि पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. निळा रंग घासून निघेल, पण उतरलेलं पाणी त्याने परत येणार नाही. तो सेंटिमीटर घालवाच. टोक नव्याने काढताना धारेकडून वर जाऊ नका; पाठीकडून तिरकं घासत धारेपर्यंत खाली या. पातं आखूड होईल ते बरंच. बारीक कामाला ४-५ सेंटिमीटर पुरे, आणि आखूड पात्यावर हाताचा ताबा जास्त राहतो.

उतार हातानेच घासा. जाड काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, पाणी मारा. सुरुवातीला उतारावर मार्करची शाई फासा आणि चार हात मारून बघा. शाई फक्त वरच्या खांद्यावरून गेली असेल तर बरोबर चाललंय. धारेवरून गेली तर तुम्ही पातं जास्त उचलताय, कोन पुन्हा जाड होणार. दोन्ही बाजूंना सारखे हात मोजून मारा. शाई थेट धारेपर्यंत निघायला लागली आणि पलीकडच्या बाजूला नखाला खरखरीत कड लागली की मगच ४००, ८००, १५०० असे पेपर बदला. शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवा पॉलिशचा साबण, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडवाला, लावून पातं पाठीकडे ओढा. ओढ संपताना मनगट वर वळू देऊ नका, धार गोल होते. दोन संध्याकाळी जातील, पण पुढे नुसत्या चामड्यावर बरेच दिवस भागतं.

प्रतिसाद २

एवढी उस्तवार करायची नसेल तर सरळ ‘मोरा’ कंपनीची १२० नंबरची सुरी घ्या. स्वीडनची आहे, पातं सुमारे ६ सेंटिमीटर. तिची लॅमिनेटेड पात्याची मिळते: मधे कडक पोलाद, दोन्ही बाजूंना मऊ, त्यामुळे धार टिकते आणि घासायलाही जड जात नाही. १०६ तिचीच लांब बहीण, चमच्यांना छान, पक्ष्याच्या मानेला नाही.

मी हॅकसॉच्या पात्याचीही सुरी केली आहे. फुकटात होते.

प्रतिसाद ३

हॅकसॉ बघून घ्या हं. हल्लीची बरीच पाती बायमेटल असतात, दातांची कड तेवढी कडक, बाकी मऊ. दात घासून टाकले की हातात पत्राच उरतो. जुनी, अख्खी हायस्पीड स्टीलची मिळाली तर सोनं. ती ५०० अंशांपर्यंत पाणी सोडत नाही, त्यामुळे ग्राइंडरला घाबरायचं कारण नाही. वाकवली तर मात्र काचेसारखी तुटते, चष्मा लावा.

मुठीबद्दल कुणीच बोललं नाही. आहे त्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, चार दिवस कोरा आणि हात कुठे दुखतो ते बघा. मग त्या मापाची लाकडी करा. अंडाकृती ठेवा, गोल नको. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते बोटांना कळत नाही. आणि पाठीच्या दोन्ही कडा कानशीने मोडून गोल करा, अंगठा तिथेच दाबतो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. शनिवार-रविवार यातच गेले. उतार आता पावणेपाच मिमी आहे, टोक नवं काढलं. पहिल्याच कापाला कागदासारखी लांब, गुंडाळलेली ढलपी निघाली, खिडकीत ठेवली आहे. पण गाठीपाशी कोरताना धारेत दोन बारीक खाचा पडल्या. कोन फारच बारीक झाला का?

प्रतिसाद १

नाही. उतार तसाच ठेवा. १५०० च्या पेपरवर पातं केसभर उचलून प्रत्येक बाजूला पाच-सहा हलके हात मारा, धारेला थोडा आधार मिळेल. आणि गाठीत पातं मुरगाळू नका. सुरी कितीही चांगली असली तरी तिथे खाच पडतेच.