अन्सेल्म, गोनिलो आणि ते बेट
मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान म्हणजे नुसती श्रद्धा, असं बरेचदा म्हटलं जातं. माझं वाचन ओळखीपुरतंच झालंय, पण मला उलट वाटलं. अन्सेल्म या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने (१०३३–११०९) ‘ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही’ एवढ्या कल्पनेवरून ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करायला घेतलं: नुसतं मनात असण्यापेक्षा खरोखर असणं थोर, म्हणून तो असायलाच हवा. गोनिलो या भिक्षूने, म्हणजे श्रद्धावंतानेच, हरकत घेतली: असं असेल तर सर्वोत्तम बेटाची कल्पना केली की तेही खरोखर असायला हवं! अन्सेल्मने ती हरकत आपल्या उत्तरासह स्वतःच्याच ग्रंथाला जोडायला लावली. इथे मी वाचता वाचता थांबलो. पुढे १३व्या शतकात अक्वायनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ तर प्रश्न मांडला की आधी विरोधी मतंच देतो. आपला पूर्वपक्षच की हा! बेटाची हरकत मला अजूनही बिनतोड वाटते. अन्सेल्मचं उत्तर पुन्हा वाचायला घेतलंय.