वॉरगेममध्ये रूलचे दोन-दोन अर्थ निघतात आन एकाचा कॉम्बो कोणालेच आवरत नाही, काय करावं? (नागपूर ग्रुप)

फासेफेकू
राजेहो सल्ला पाहिजे. आम्ही पाच जणं त्रिमूर्ती नगरात एकाच्या घरी दर रविवारी वॉरहॅमर फॉर्टी के (लहान मूर्त्यांचा फाशांवरचा युद्धखेळ) खेळतो, दहावी एडिशन. बहुतेक मिनी, म्हणजे त्या मूर्त्या, घरीच थ्रीडी प्रिंट केलेल्या, बाहेरून डबे मागवणं परवडत नाही. तर आमच्यातला एक, त्याले आम्ही वकीलसाहेब म्हणतो, तो बेइमानी अजिबात करत नाही हे आधीच सांगतो, पण पुस्तकातलं एकेक वाक्य असं वाचते की त्यातून भलताच अर्थ निघते आन तो अर्थ नेमका त्याच्याच युनिटच्या फायद्याचा असते. मागच्या रविवारी तीन तासांतला सव्वा तास भांडणात गेला. त्याचा सेनापती गुडघ्यावर बसलेला प्रिंट केलेला आहे, त्यामुळे भिंतीमागं दिसतच नाही, पुस्तकात लिहिलं की मॉडेलचा कोणताही भाग दिसला तर दिसला, मंग तो म्हणते दाखव कोणता भाग दिसून राहिला. वरून त्याच्या दहा जणांच्या स्क्वाडले सेनापती हिटचे (नेम लागला का) रीरोल, म्हणजे हुकलेला फासा परत टाकायची मुभा, देते आन दुसऱ्याकडून वूंडचे (जखम झाली का) रीरोल मिळतात, एका टर्नमध्ये माझं अर्ध सैन्य साफ. हाऊस रूल बनवावे का? कॉम्बोवर बॅन टाकावा का? का गेमच बदलावा?

तर्रीवाला
अबे तू दोन वेगळे आजार एकाच गोळीनं बरे करून राहिला. गुडघ्यावाला सेनापती हा रूलचा घोळ आहे, रीरोलवाला स्क्वाड हा घोळ नाहीच, तो सरळसरळ लिहिलेला आहे, फक्त जबर आहे. ज्याच्यात अर्थच दोन निघतात तिथं एकदा बसून ठरवायचं आन संपवायचं. जे स्पष्ट आहे पण झेपत नाही तिथं बॅन टाकला ना, तर पुढच्या महिन्यात तो दुसरा कॉम्बो आणते, मंग तुम्ही त्याच्यावरही बॅन टाकता, शेवटी त्याच्याकडे खेळाले काही उरत नाही आन तो यायचाच बंद होते. आमच्या जुन्या ग्रुपचं असंच झालं, चांगला खेळणारा पोट्टा गमावला आम्ही.

गुडघ्याचा उपाय सोपा. प्रत्येक प्रकारच्या मॉडेलची एक उंची ठरवा, तेवढी पुठ्ठ्याची पट्टी कापा, दिसते का नाही हे मिनीवर नाही पट्टीवर पाहा. उभा प्रिंट करा का लोळलेला, फरक पडत नाही.

पेठेतला_पेंटर
पुण्यातून बोलतोय, मधे पडतो, माफ करा. रीरोलचं गणित एकदा कागदावर मांडून बघा म्हणजे घाबरायचं किती ते कळेल. समजा २० शॉट, हिट ३+ वर (फाशावर ३ किंवा जास्त), वूंड ४+ वर, समोरच्याचा सेव्ह (वाचायचा फासा) ५+. साधं खेळलात तर सरासरी ४.४ वूंड आत जातात. हिट आणि वूंड दोन्हीला पूर्ण रीरोल मिळाला की ८.९, म्हणजे बरोब्बर दुप्पट. एकटा हिटचा रीरोल असेल तर ५.९ च. म्हणजे एकेकटी गोष्ट माफक असते, पण ती एकमेकींना गुणते, बेरीज होत नाही, आणि कॉम्बो जबर होतात ते इथेच. आता उलट बाजूनं बघा, यातला एक दुवा तोडलात की कॉम्बो अर्धा लंगडा. सेनापतीची देणगी तो त्या युनिटला लीड करतोय तोपर्यंतच असते, तेव्हा आधी बाकीचा स्क्वाड मारत बसू नका, प्रिसिजनवालं (स्क्वाड सोडून थेट सेनापतीला वूंड लावू देणारं) हत्यार घेऊन त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता शोधा. नाहीतर त्याच्यासमोर स्वस्तातलं युनिट टाका, एवढी आग त्याच्यावर वाया जाऊ द्या.

गेम बनवणाऱ्या कंपनीच्याही हातून हे सुटतं बरं का. दहावी एडिशन जून २०२३ ला आली तेव्हा एल्डारी फौज खेळणारे सुरुवातीलाच १२ फासे टाकून बाजूला ठेवायचे आणि हवा तिथे सहा वापरायचे. डेव्हास्टेटिंग वूंड नावाचा गुण असलेल्या मोठ्या तोफेच्या वूंड रोलला तो सहा ठेवला की सेव्हच नाही, वर उरलेलं नुकसान पुढच्या मॉडेलवर सांडायचं. सप्टेंबरमध्ये ते सांडणं बंद करावं लागलं. आणि त्याच्याही आधी, सहाव्या एडिशनमध्ये, २+ चा इनव्हल्नरेबल सेव्ह (कोणत्याही हत्यारानं कमी न होणारा) तोही रीरोलसकट घेऊन फिरणारी युनिटं होती, ३६ तला एक वूंड आत जायचा. तुमचे वकीलसाहेब त्या मानानं साधे आहेत.

फासेफेकू
गणित भारी आहे भाऊ, पण सेनापतीपर्यंत पोचू कसा, डीप स्ट्राइकनं (राखीव युनिट मधेच मैदानावर उतरवून) नऊ इंचाबाहेर उतरलो की चार्जले (धावून भिडाले) दोन फाशांवर ९ लागते, मले कधी पडत नाही.

तर्रीवाला
३६ पैकी १० वेळा पडते, कधी नाही असं नाही. एक रीरोल धरला तर जवळपास निम्म्या वेळा. पण मले आधी सांग तुमच्या टेबलावर आडोसा किती आहे?

फासेफेकू
थर्माकोलच्या चार इमारती. त्यातल्या दोन कुलरसमोर ठेवल्या की पडतात म्हणून मे महिन्यात काढूनच ठेवतो. खिडक्या कापल्या आहेत सगळ्यांले, मस्त दिसतात.

तर्रीवाला
बाप्पा! मंग बोंबलायचं काय, मैदानावर दोन इमारती ठेवून तू रायफलवाल्याची तक्रार करून राहिला. मधोमध दोन मोठे रुइन (पडक्या इमारती) ठेव, खाली वजनाले टाइलचा तुकडा चिकटव, म्हणजे कुलर काही करत नाही. रुइनच्या आरपार दिसत नाही असा रूलच आहे, पण आत उभं असलं की खिडकीतून दिसते, म्हणून तळमजल्याच्या खिडक्या बंद समजायच्या हे आधीच बोलून घ्या. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये असंच धरतात. अर्धे कॉम्बो तिथंच थंड.

गोकुळपेठ_गनर
उशिरा आलो पण एक राहिलं. वाक्याच्या शब्दावर अडून बसणाऱ्याले माझा एकच किस्सा सांगत जा. आठव्या एडिशनच्या पुस्तकात अ‍ॅडव्हान्स केलेलं (चालीत जास्तीचं धावलेलं) युनिट गोळीबारासाठी निवडताच येत नाही असं लिहिलं होतं, आन असॉल्ट हत्यारं अ‍ॅडव्हान्स केल्यावरही चालतात असंही लिहिलं होतं. अक्षरशः वाचलं तर असॉल्ट हत्याराचा उपयोगच शून्य, कारण युनिट निवडलंच नाही तर हत्यार चालवणार कोण. जगात कोणी तसं खेळलं नाही. वकीलसाहेबाले विचारा, तुम्ही तेव्हा कसं खेळले असते?

दुसरं, जुन्या पुस्तकांत सरळ लिहिलेलं असायचं की वाद मिटत नसला तर फासा टाका आन पुढं चला. दोन मिनिटाच्या वर भांडण गेलं की फासा, रूल कोणता खरा हे गेम संपल्यावर चहासोबत शोधा. आन एफएक्यू (कंपनीनं दिलेली शंकांची उत्तरं) फोनमध्ये उतरवून ठेवा, अर्धी भांडणं अशा गोष्टीवर असतात ज्याचं उत्तर आधीच देऊन झालेलं असते.

सीताबर्डी_१८१७
इतिहासवाला आहे, स्पेस मरीन वगैरे आपल्याले समजत नाही, मी भोसले आन इंग्रजांची सीताबर्डीची लढाई घरच्या घरी मांडतो. पण रूलचं भांडण सगळीकडे सारखंच. प्रशियन सैन्यात १८२४ ले क्रीगस्पील (अधिकाऱ्यांच्या सरावाचा युद्धखेळ) आलं तेव्हापासून मधे पंच असायचा, पुढं रूल इतके वाढले की १८७६ ले एका अधिकाऱ्यानं म्हटलं, जाऊ द्या, जाणकार पंचालेच ठरवू द्या. तुम्ही पाच जणं आहात ना? दोन टेबलांवर चार, मंग पाचवा काय करते?

फासेफेकू
पाचवा मोबाईल पाहत बसते न पोहे खाते.

सीताबर्डी_१८१७
त्यालेच पंच करा. आन पहिल्या रविवारी वकीलसाहेबाले बसवा, पुस्तक त्याच्याच तोंडपाठ आहे ना.

पेठेतला_पेंटर
हे मला अजिबात पटत नाही, मित्रामित्रांत पंच म्हणजे नवं भांडण. पट्टी आणि एफएक्यू पुरेसं आहे.

फासेफेकू
अपडेट देतो. वकीलसाहेब बसले काल. पहिलाच वाद माझ्या चार्जचा, मी खुश होतो की आता आपलाच भाऊ आहे, त्यानं पुस्तक उघडलं, अर्धा मिनिट वाचलं आन माझ्याविरुद्ध दिला. दोन्ही टेबलं मिळून चार वेळा विचारलं, एकदाही दोन मिनिटाच्या वर गेलं नाही. पेंटर भाऊ म्हणतात तसं थोडं तोंड वाकडं झालंच एकाचं, पण गेम पहिल्यांदा पाचही राउंड झाला. रुइन अजून बनले नाहीत, टाइलचे तुकडे आणून ठेवले. पट्टी कापली, तिच्यावरून मात्र नवीन भानगड, साध्या सैनिकाची उंची बेससकट (पायाखालच्या चकतीसकट) मोजायची का बेस सोडून?

तर्रीवाला
बेससकट. आन लिहून ठेव बावा कुठंतरी, पंच वकील आहे.